स्थिर म्हणवलेल्या जमिनीचा इतिहास

सप्टेंबर १९९३ मध्ये भूकंप झाला तेव्हा देशाच्या भूकंपप्रवणता नकाशावर किल्लारीचा परिसर पहिल्या विभागात होता. पहिला विभाग म्हणजे सगळ्यांत कमी धोक्याचा. तो नकाशा पाहून लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांत कुणी घर बांधले असे नव्हे. तिथली दगडमातीची माळवदे नकाशे निघण्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून उभी होती. पण शाळा, दवाखाने आणि सरकारी इमारती बांधणाऱ्यांनी, नियम करणाऱ्यांनी आणि त्यासाठी पैसा मंजूर करणाऱ्यांनी तो नकाशा नक्कीच पाहिला होता. दख्खनचे पठार टणक आहे, जुने आहे, म्हणून ते हलत नाही, ही समजूत पाठ्यपुस्तकांत होती आणि लोकांच्या मनातही होती. ही समजूत कशी तयार झाली, कशी टिकली आणि कशी ढासळली, याचा इतिहास नीट तपासला तर एक गोष्ट ध्यानात येते. दख्खनचे स्थैर्य कुणी मोजून काढलेले नव्हते. ते आपल्या नोंदवहीच्या कोऱ्या पानांवरून काढलेले अनुमान होते. परभणी, हिंगोली आणि नांदेड या पट्ट्यात आज जे घडते आहे, ते समजून घ्यायचे असेल तर आधी हा इतिहास माहीत हवा.

या पठाराचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो वरच्या खडकापासून, आणि बराच काळ तो तिथेच थांबला. मुंबई लष्करातल्या विल्यम हेन्री साइक्सने १८३३ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेसाठी दख्खनवर प्रबंध लिहिला. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम ब्लॅनफर्डने १८६०च्या दशकात पश्चिम आणि मध्य भारतातल्या लाव्हाच्या थरांचे वर्णन केले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, थरावर थर साचले आणि सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश त्यांच्याखाली गेला, हे चित्र हळूहळू स्पष्ट झाले. मराठवाड्यात विहीर खोदणाऱ्याला हे थर आपल्या भाषेत ठाऊकच असतात: वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, कुठे तांबड्या गेरूचा पट्टा. पण विहिरीची आणि बोअरची पोच पहिल्या काही शे फुटांपर्यंतच. सह्याद्रीत लाव्हाचा हा साठा किलोमीटरच्या हिशेबात मोजावा लागतो, पूर्वेकडे तो पातळ होत जातो, आणि नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे तो संपून खालचा गुलाबी-करडा ग्रॅनाइट उघडा पडतो. परभणीच्या खाली हाच अब्जावधी वर्षांचा जुना खडक लाव्हाची गोधडी पांघरून पडला आहे. त्या खडकात किती भेगा आहेत, त्या कोणत्या दिशेने जातात, त्यांतल्या कोणत्या अजून ताणाखाली आहेत, हे गोधडीवर उभे राहून दिसत नाही. भूकंप मात्र बहुतेक वेळा तिथेच, त्या झाकलेल्या खडकात जन्मतो.

खालचे दिसत नाही म्हटल्यावर उरतात ऐकण्याची साधने. १८९७च्या आसाम भूकंपानंतर देशात भूकंपमापक आले. १८९९ मध्ये मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एक बसला. परभणी त्या वेळी निजामाच्या राज्यात. हैदराबादच्या बेगमपेठेतल्या निजामिया वेधशाळेत १९२०च्या दशकात भूकंपमापन सुरू झाले. ही उपकरणे दूरदेशीचे मोठे भूकंप उत्तम टिपत. पण दीडदोनशे मैलांवरच्या एखाद्या खेड्याखाली तीन किंवा चार तीव्रतेचा धक्का बसला, तर तो त्यांच्या कागदावर उमटेलच याची खात्री नव्हती, आणि उमटला तरी एकट्यादुकट्या केंद्रावरून त्याचे ठिकाण ठरत नव्हते. म्हणजे मराठवाड्याच्या भूकंपांची यंत्रावरची नोंद जेमतेम एका शतकाची आणि तीही विरळ. त्याआधीचे काय? दुष्काळ, लढाया आणि वसुली यांचे कागद सापडतात. एखाद्या पहाटे भिंती हादरल्याची नोंद कुणी ठेवायची? अशा प्रदेशात एका ठिकाणी मोठा भूकंप पुन्हा व्हायला हजारो वर्षे लागू शकतात. हजारो वर्षांच्या चक्राचा निवाडा शंभर वर्षांच्या अपुऱ्या वहीवरून झाला, आणि त्याला स्थैर्य असे नाव मिळाले. किल्लारीनंतर सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी किल्लारीपासून फार दूर नसलेल्या प्राचीन तेरमधल्या बांधकामांचा अभ्यास करून तिथे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा असाव्यात असे मांडले. त्यांचा अर्थ कसा लावायचा यावर मतभेद होऊ शकतात. पण वहीत नाही म्हणून घडले नाही, हा युक्तिवाद तेव्हापासून कुणालाही सहज करता येत नाही.

या समजुतीला पहिला मोठा हादरा बसला तो कोयनेत. धरणात १९६२ मध्ये पाणी साठू लागले आणि लवकरच परिसरात बारीक धक्के जाणवू लागले. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने तिथे भूकंपमापक बसवले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतरच्या अभ्यासातून जलाशयाचा आणि भूकंपांचा संबंध इतक्या स्पष्टपणे पुढे आला की कोयना हे अशा भूकंपांचे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण झाले. सुमारे वीस बाय तीस किलोमीटरच्या त्या पट्ट्यात पाच किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त धक्के तेव्हापासून नोंदले गेले आहेत. हे संशोधन खरे आहे आणि मोलाचेही आहे. पण त्यातून लोकांनी आणि धोरणकर्त्यांनी जो धडा घेतला तो अर्धवट होता. धरणामुळे भूकंप झाला, म्हणून धरण नाही तिथे काळजी नाही, असा तो धडा. कोयना अपवाद ठरली आणि उरलेल्या पठाराचे स्थैर्य शाबूत राहिले. खरे तर कोयनेचा अर्थ उलटा होता. शंभरेक मीटर उंचीचे पाणी कित्येक किलोमीटर खोलीवरच्या खडकावर टाकते तो अतिरिक्त दाब त्या खडकात आधीच साठलेल्या ताणाच्या मानाने अगदी किरकोळ असतो. पाणी भेगांत झिरपते, तिथला दाब वाढवते, घर्षण कमी करते. पण ज्या खडकात तुटण्याइतका ताण साठलेलाच नाही, तो पाण्याने तुटत नाही. भारतीय भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत हिमालयाला ढकलतो आहे, आणि त्या ढकलण्याचा ताण सगळ्या द्वीपकल्पात पोचतो. कोयनेने हे दाखवून दिले की दख्खनच्या पोटातला खडक काही ठिकाणी तुटण्याच्या उंबरठ्यावर आहे. पाणी फक्त निमित्त झाले.

हे उमगण्याची संधी त्यानंतरही चालून आली होती. १९६१ मध्ये हैदराबादला स्थापन झालेल्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले एन. कृष्ण ब्रह्मम आणि जनार्दन नेगी यांनी १९७३ मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीवरून दख्खनच्या लाव्हाखाली दोन प्राचीन खचदऱ्या असाव्यात असे मांडले: एक कोयनेकडे आणि दुसरी कुर्डुवाडीकडे. लाव्हापासून बनलेला बेसाल्ट जड, त्याखालचा ग्रॅनाइट त्याहून हलका आणि गाळाचे खडक आणखी हलके. पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षण कुठे किंचित कमी भरते यावरून खाली काय असेल याचा अंदाज बांधता येतो. त्या दऱ्या खरोखर दऱ्या आहेत की नुसती खडकांच्या घनतेतली तफावत आहे, यावर पुढे बराच खल झाला. माझ्या दृष्टीने त्या निबंधाचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. किल्लारीच्या वीस वर्षे आधी, देशातल्याच संशोधकांनी, मराठवाड्याच्या उंबरठ्यावर, वरच्या सपाट काळ्या खडकाखाली मोडतोड झालेला प्रदेश असू शकतो असे छापून ठेवले होते. नकाशा मात्र बदलला नाही, आणि त्या पट्ट्यात भूकंपमापकांचे जाळेही उभे राहिले नाही.

१९९२च्या पावसाळ्याच्या शेवटी किल्लारी आणि आसपासच्या गावांना धक्के बसू लागले. ऑक्टोबरात त्यांतला सर्वांत मोठा साडेचारच्या आसपास होता. लोक घाबरले, घराबाहेर झोपले. मग धक्के ओसरले. अनंत चतुर्दशीचे विसर्जन उरकून गावे झोपली असताना ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र उथळ, दहा किलोमीटरच्या आत. सरकारी नोंदीप्रमाणे आठ हजारांच्या आसपास आणि इतर काही अंदाजांप्रमाणे दहा हजारांच्या जवळपास माणसे मेली. बहुतेक जण आपल्याच घराच्या जाड भिंतींखाली आणि मातीच्या थरांनी जड झालेल्या माळवदाखाली. किल्लारीजवळच्या शेतांतून जमीन तुटून वर आल्याची तुटक रेघ उमटली होती. असा भूकंप स्थिर म्हणवल्या जाणाऱ्या खंडप्रदेशात याआधी कुठे झालाच नव्हता असेही नाही. पाच वर्षे आधी, जानेवारी १९८८ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी टेनंट क्रीक इथे एकाच दिवसात सहाहून अधिक तीव्रतेचे तीन धक्के बसले होते. तिथेही आदल्या वर्षी छोट्या धक्क्यांची माळ लागून गेली होती. तिथे वस्ती विरळ म्हणून माणसे वाचली.

किल्लारीनंतर प्रथमच मराठवाड्याच्या पोटात नीट डोकावून पाहिले गेले. पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरींवरून खोलवरच्या खडकाची विद्युतवाहकता मोजली तेव्हा भूकंपाच्या केंद्राच्या परिसरात, काही किलोमीटर खोलीवर, अधिक वाहक असा थर आढळला. तिथे खडकाच्या भेगांत द्रव असावा, असा अर्थ हैदराबादच्या संशोधकांनी १९९६ मध्ये लावला. किल्लारीला ६१७ मीटर खोल बोअर घेतला गेला. त्यात बेसाल्ट ३३८ मीटरपर्यंतच निघाला. त्याखाली गाळाच्या खडकाचा पातळ थर आणि मग तळचा प्राचीन स्फटिकी खडक. ज्या काळ्या पाषाणाच्या भरवशावर साऱ्या पठाराला अढळ मानले, त्याची जाडी किल्लारीत पाव मैलाहूनही कमी होती. भूकंपाची भेग १९९३ मध्ये नव्याने पडली की जुनीच पुन्हा हलली, यावर वाद झाला. लोअर तेरणाच्या छोट्या जलाशयाचा त्यात वाटा होता का, यावरही झाला, आणि त्यावर एकमत नाही. या वादांचा निकाल काहीही लागो, भूकंप लाव्हात नव्हे तर त्याखालच्या खडकात झाला, हे पक्के झाले. २००२ मध्ये भूकंप नकाशातला पहिला विभागच रद्द करण्यात आला आणि लातूरचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. कमीत कमी धोक्याचा, जवळजवळ निर्धोक असा प्रदेशच कागदावरून नाहीसा झाला. देशाच्या भूकंपशास्त्राने आपली चूक इतक्या उघडपणे दुरुस्त केल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि याबद्दल त्या शास्त्रज्ञांचा आदरच वाटला पाहिजे.

आज दख्खनखाली सर्वांत खोल पोचलेले काम कोयनेचेच आहे. २०१२ पासून तिथे दीड किलोमीटरपर्यंतची नऊ विंधने झाली, मग २०१७ पर्यंत एक पथदर्शी बोअर तीन किलोमीटरपर्यंत गेला. बेसाल्ट तिथे सव्वा किलोमीटरच्या आसपास संपतो आणि त्याखाली, मध्ये गाळाचा थर न येता, सरळ ग्रॅनाइट आणि नाइस लागतात. तापमान, ताण, भेगांची दिशा, भेगांतले पाणी, हे सगळे तिथे प्रत्यक्ष मोजले जाते, आणि कराडजवळ त्यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. भूकंप जिथे जन्मतो त्याच्या जवळ जाऊन तो अभ्यासणे जगात फार थोड्या ठिकाणी शक्य झाले आहे. पण इथेही जुना दोष पुन्हा शिरू शकतो. एका कोयनेची सखोल माहिती म्हणजे साऱ्या दख्खनची माहिती, असे मानणे सोपे आहे. मराठवाड्याखालचा खडक वेगळा आहे, त्यावरचे आवरण पातळ आहे, आणि तिथे कोयनेसारखा मोठा जलाशय भूकंपांना कारण झाल्याचे दिसलेले नाही. जिंतूर तालुक्यातले येलदरी धरण १९६८ पासून भरते आणि रिते होते. त्याच्या नावावर मोठा भूकंप नाही. म्हणून परभणीकडच्या धक्क्यांचे स्पष्टीकरण कोयनेतून उसने आणता येणार नाही. ते इथेच शोधावे लागेल.

आणि धक्के तर आहेतच. २००६च्या अखेरीपासून काही वर्षे नांदेड शहराखाली बारीक धक्क्यांची आणि आवाजांची मालिका चालली. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी ती नोंदली, अभ्यासली, आणि मोठा भूकंप न होता ती ओसरली. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाचे नाव भूगर्भातल्या गूढ आवाजांमुळे गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा वर्तमानपत्रांत येते. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा आणि अकरा मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. १० जुलैच्या सकाळी पुन्हा ४.५. परभणी, हिंगोली, नांदेड या तिन्ही जिल्ह्यांत ते जाणवले. वसमत, कळमनुरी, औंढा हे तालुके १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. भूगर्भाला ती वाटणी ठाऊक नाही. आवाजांना गूढ म्हणण्याचे कारण नाही. केंद्र अगदी उथळ असेल आणि वर मातीऐवजी टणक खडक असेल, तर भूकंपाच्या जलद कंपनांचा फारसा ऱ्हास न होता ती पृष्ठभागावर पोचतात आणि हवेत आवाज होऊन ऐकू येतात. हादरा जाणवण्याआधी आवाजच ऐकू येतो. बोअर आटले म्हणून पोकळी झाली आणि ती ढासळली, असेही सांगितले जाते. बेसाल्टमध्ये चुनखडीसारख्या मोठ्या गुहा पाण्याने तयार होत नाहीत, त्यामुळे एवढ्या विस्तृत भागात ऐकू येणाऱ्या आवाजांचे हे स्पष्टीकरण मला पटत नाही. पण पटणे-न पटणे हा पुरावा नव्हे. पुरावा मिळायला धक्क्याची खोली अचूक कळली पाहिजे, आणि नेमके तिथेच अडते. या धक्क्यांची खोली दहा किलोमीटर अशी जाहीर झाली. जवळपास पुरेशी केंद्रे नसली की खोली नीट ठरत नाही, आणि अशा वेळी दहा किलोमीटर गृहीत धरण्याची पद्धत जगभर रूढ आहे. तो आकडा वाचताना ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते.

यावर पहिला आक्षेप असा की चार-साडेचारच्या धक्क्यांवरून किल्लारीची आठवण काढणे म्हणजे भीती पसरवणे. आक्षेप निम्मा बरोबर आहे. ६.२चा भूकंप ४.५च्या भूकंपाहून सुमारे साडेतीनशे पट ऊर्जा सोडतो, आणि छोट्या धक्क्यांच्या बहुतेक मालिका नांदेडसारख्या विरून जातात. हिंगोलीचे धक्के मोठ्या भूकंपाची नांदी आहेत असे म्हणणारा माणूस शास्त्र सांगत नसतो. पण ते नांदी नाहीतच, असे म्हणणाऱ्याकडेही आधार नसतो. किल्लारी आणि नांदेड या दोन्ही मालिका सुरुवातीला सारख्याच दिसल्या असत्या. दुसरा आक्षेप असा की भाकीत करता येत नसेल तर यंत्रांचा उपयोग काय. भूकंपाची तारीख आज कुणीच सांगू शकत नाही. मात्र कोणती भेग जागी आहे, ती किती लांब आहे, कोणत्या गावांखालून जाते, आणि त्यामुळे जास्तीत जास्त केवढा हादरा बसू शकेल, एवढे सांगता येते, आणि बांधकामाला तेवढेच लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. माणसे भूकंपाने मरत नाहीत, घरांखाली मरतात. मग बोअरवर आणि यंत्रांवर खर्च करण्यापेक्षा घरे का सुधारू नयेत? किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात जागतिक बँकेच्या मदतीने हजारो घरे बांधली गेली, आणि ते काम आवश्यकच होते. पण ती घरे भूकंप झाल्यानंतर, भूकंपानेच दाखवलेल्या जागी बांधली गेली. परभणी जिल्ह्यात गोदावरी, दुधना, पूर्णा यांच्या काठची काळी जमीन खोल आणि मऊ आहे, जिंतूरच्या बाजूला खडक वर येतो. मऊ थरात कंपने वाढतात, टणक खडकावर ती वेगळी वागतात. गंगाखेडच्या घराला कोणती बांधणी लागेल आणि जिंतूरच्या घराला कोणती, याचे उत्तर जमिनीखालची माहिती असल्याशिवाय मिळत नाही. पैसा मर्यादित असतो, म्हणूनच तो आधी कुठल्या गावात लावायचा हे कळायला मोजणी हवी. घरे आणि यंत्रे यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे हा खरा प्रश्न टाळण्याचा मार्ग आहे.

औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात उभी राहत असलेली लायगो-इंडिया वेधशाळा हाही आक्षेप म्हणून पुढे केला जातो: गुरुत्वीय लहरी मोजण्याइतकी शांत जमीन म्हणून ही जागा निवडली, मग ती धोक्याची कशी? २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजूर झालेल्या या प्रकल्पाच्या चार किलोमीटर लांबीच्या बाहूंना रोजची पार्श्वकंपने कमीत कमी असलेली जमीन लागते. वाहतूक, कारखाने, समुद्राच्या लाटा यांपासून ती दूर हवी. कधीतरी होणारा भूकंप हा वेगळा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या लायगोच्या दोन्ही वेधशाळांनाही दूरच्या भूकंपांमुळे काम थांबवावे लागते. शांत आणि सुरक्षित हे दोन स्वतंत्र गुण आहेत, आणि त्यांची गल्लत करणे ही दख्खनच्या जुन्या चुकीचीच नवी आवृत्ती होईल. लायगोमुळे मात्र एक गोष्ट सिद्ध झाली. जुन्या परभणी जिल्ह्यातल्या एका माळावर अतिसूक्ष्म कंपने मोजायला जगातले उत्तम तंत्र येऊ शकते, त्याला पैसा मिळू शकतो आणि माणसेही मिळू शकतात.

तेव्हा परभणी, हिंगोली आणि नांदेड या तीन जिल्ह्यांत कायमस्वरूपी, दाट भूकंपमापक जाळे हवे. धक्का बसल्यावर काही महिन्यांसाठी आणलेली आणि चर्चा थंडावली की परत नेलेली यंत्रे पुरणार नाहीत. जुन्या भेगा शोधायला गुरुत्वाकर्षणाची आणि विद्युतवाहकतेची सलग मोजणी हवी, आणि निदान एक बोअर असा हवा की जो बेसाल्ट ओलांडून तळच्या खडकात जाईल. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि परभणीच्या ज्ञानोपासक महाविद्यालयासारख्या संस्थांत या भूमीवर काम केलेले भूशास्त्राचे अभ्यासक आहेत. जाळ्याची देखभाल आणि नोंदींचे वाचन त्यांच्याकडे देता येईल. नोंदी सर्वांसाठी खुल्या असाव्यात, आणि पांगरा शिंदेच्या ग्रामपंचायतीला आदल्या रात्रीचा आवाज किती खोलीवरून आला हे दुसऱ्या दिवशी मराठीत कळावे. या तीन जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी आणि जिल्हा नियोजन समित्यांनी ही मागणी पुढच्या धक्क्याची वाट न पाहता आत्ताच मांडावी.